तुमच्या ब्रशाला टक्कल पडलं, त्याबद्दल

आदरणीय विहीणबाईंना,

सादर नमस्कार. तुमचे गुडघे, व्याह्यांचा खोकला आणि तुमच्या बाल्कनीतली ती कुंडी (जिच्याबद्दल गेल्या खेपेला तुम्ही गुडघ्यांपेक्षा जास्त वेळ बोललात) हे सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघंही उभे आहोत. ह्यांना उभं राहायला टेकायची भिंत लागते आणि भिंती सध्या ओल्या आहेत, त्यामुळे ते दाराच्या चौकटीला टेकून उभे आहेत, एवढाच काय तो फरक.

एकाच गावात राहून ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुमच्या मनात आलं असेल. कारण सरळ आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागद मधेच "ते राहू द्या हो, मी काय म्हणते" असं म्हणत नाही. शिवाय लेखी तक्रारीचा माझा हात चांगला आहे. मेट्रन असताना माझी एक तक्रार वाचून इस्पितळाचे अधीक्षक स्वतःहून बदली मागून गेले होते, हे तुम्हाला माहीत असेलच. (नसेल तर कसं नाही? मी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं.) अक्षर आज जरा डुगडुगतंय, तिकडे दुर्लक्ष करा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी हे अक्षर पाहिलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं, पण सिस्टर आता नाहीत आणि बाकावर चढणं मला जमणार नाही.

विषय तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे नंतर कुणी "मला कुठे माहीत होतं" म्हणायला नको. आपली नात ठकी आता पालथी पडते, पुढे सरकायला जाते आणि मागे जाते. तिची आई, म्हणजे तुमची लेक आणि माझी सून, महिनाअखेर कामावर रुजू होणार. मग दिवसभर ठकी राहणार कुणाकडे? दोन्ही घरं तिच्या ऑफिसपासून सारखीच लांब, दोन्ही घरांत एकेक खोली मोकळी आणि दोन्ही घरांत एकेक आजी मोकळी. सूनबाई म्हणाली, "रविवारी सकाळी तिकडची खोली बघते, दुपारी इकडची बघते आणि मग ठरवते." इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला इस्पितळात तपासणीला येणाऱ्या पथकाची आठवण झाली. ती माणसंही आधी चहा मागायची.

मला स्वतःला ह्यात फारसा रस नाही, हे तुम्ही जाणताच. आयुष्यभर लोकांची रडणारी मुलं सांभाळली, आता शांतपणे वर्तमानपत्र वाचावं एवढीच इच्छा आहे. (पाळणा मी आधीच आणून ठेवला आहे, पण तो जागा अडवून असतो म्हणून, म्हणजे खोलीत दुसरं काही साठू नये म्हणून.) तेव्हा प्रश्न ठकीचा नाही, तत्त्वाचा आहे. कारण त्या दिवशी चपला घालता घालता सूनबाई म्हणाली, "आई, खोली छान आहे हो. रंग तेवढा जरा दवाखान्यासारखा वाटतो."

दवाखान्यासारखा! तो हिरवा रंग मी विचार करून निवडला होता. त्याच्याकडे बघत बघत माणसं बरी होतात. (काही झाली नाहीत, पण त्यात रंगाची चूक नव्हती.) आणि तुमच्याकडच्या खोलीचा रंग म्हणे पहाटेच्या ढगासारखा. मी निम्मं आयुष्य पहाटेची ड्यूटी केली आहे, विहीणबाई. पहाटेचे ढग मळक्या चादरीसारखे असतात. पण सूनबाईच्या तोंडून "आईने स्वतः रंगवली हो सगळी खोली, एकटीने!" हे ऐकलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ("आईने" म्हणजे तुम्ही. ती तुम्हालाही आई म्हणते आणि मलाही आई म्हणते, पण कौतुकाच्या वाक्यातली आई कुठली, हे मला न विचारता कळतं.)

आधी रीतसर रंगारी बोलावला. तो आला, भिंतीवर टकटक केली, रोग्याच्या छातीवर करतात तशी, आणि कुणी गेल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बघू." मी म्हटलं, "काय बघू? भिंत ही समोर आहे." तो म्हणाला, "सामान बघून कळवतो." नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. तेव्हा मी ठरवलं की आपणच रंगवायचं. ज्या बाईने अख्खा वॉर्ड उभा आडवा घासून घेतला तिला एक खोली जड नाही. हे म्हणाले, "वॉर्ड तू घासून घेतलास, घासला नाहीस." (रात्री मी भाजीत मीठ घातलं नाही.)

मग रंगाच्या दुकानात गेले. तुम्ही गेलाच असाल तिथे. गल्ल्यामागे एक गोलगरगरीत गृहस्थ बसतात आणि त्यांच्या पाठीमागे भिंतभर ब्रश टांगलेले असतात, चपटे, गोल, तिरके कापलेले, पाठीच्या खाजेला उपयोगी पडतील असे लांब मुठीचे. बाजूला रोलर. कुणी मांजरासारखे केसाळ, कुणी स्पंजाचे, कुणी इतके तोकड्या केसांचे की सैन्यात भरती होऊन आल्यासारखे. मी विचारलं, "ह्यांच्यात फरक काय?" ते म्हणाले, "सगळे चालतात मॅडम." मी म्हटलं, "सगळे चालतात तर इतके टांगले कशाला?" तर म्हणतात, "गिऱ्हाइकाला आवडतं." मी एक केसाळ आणि एक तोकडा रोलर समोर ठेवून विचारलं, "खोलीच्या भिंतीला ह्यातला कुठला?" त्यांनी दोन्हींकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही घेऊन जा." विहीणबाई, ह्या माणसाच्या हातात मी ताप मोजायची नळीसुद्धा दिली नसती. मी फक्त रंगाचा डबा घेतला (पाण्यात मिसळायचा, वास न येणारा, फिकट पिवळा, रंगाचं नाव सांगायची मला लाज वाटते, त्यात "स्वप्न" हा शब्द आहे) आणि तडक घरी आले.

आणि संध्याकाळी ह्यांनी तुमच्याकडून पिशवी आणली.

आता मुद्द्यावर येते. मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. हे फिरायला जातात, व्याही फिरायला जातात, दोघं बाकावर बसून घरच्या सगळ्या गोष्टी एकमेकांना विकतात, त्यातून तुम्हाला कळलं. तुम्ही पिशवी पाठवलीत. त्यात तुमचा तो लाकडी मुठीचा सुप्रसिद्ध ब्रश, एक लोकरीचा गुबगुबीत रोलर आणि रोलरला जोडायचा एक लांब दांडा. सोबत ह्यांच्याजवळ तोंडी निरोप. निरोप तुम्ही बराच मोठा दिलात म्हणे. ह्यांच्या लक्षात त्यातलं एवढंच राहिलं की "ब्रश जपून वापरा म्हणावं, आणि दांडा लावाच म्हणावं, नाहीतर खांदा जाईल."

खांदा जाईल! म्हणजे मी म्हातारी. आणि दांडा कशाला, तर मी बुटकी. तुम्ही उंच आहात हे सगळ्या जगाला दिसतं, विहीणबाई, लग्नाच्या फोटोत तर दुसरं काहीच दिसत नाही. पण उंच असणं ही काही कमाई नव्हे. मी दांडा दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांच्याबरोबर परत पाठवला, तुम्हाला पोचला असेल. मी स्टुलावर चढले. आयुष्यभर उंच कपाटांतून औषधं काढली, कुणी दांडा दिला नव्हता.

ब्रश आणि रोलर मात्र ठेवून घेतले, कारण तुम्ही दिलेली वस्तू नाकारणं बरं दिसलं नसतं. (एक नाकारली होतीच, दोन्ही नाकारल्या असत्या तर भांडण वाटलं असतं.) रीतीप्रमाणे दोन्ही मोठ्या पातेल्यात घालून चांगले खळखळून उकळून घेतले, वाळवले आणि कामाला लागले.

आणि तुमच्या ब्रशाने माझ्याशी दगा केला. छताला लागून असलेली कड रंगवायला घेतली. रोलर तिथपर्यंत पोचत नाही म्हणून कडा आधी ब्रशाने रंगवायच्या असतात, एवढं मलाही कळतं. पहिला हात मारला तर भिंतीला चार केस चिकटले. दुसऱ्या हाताला मूठभर. तिसऱ्या हातानंतर ब्रश माझ्याकडे आणि मी ब्रशाकडे बघत होते. त्याला मधोमध टक्कल पडलं होतं आणि कडेने झालर राहिली होती, थेट आमच्या जुन्या अधीक्षकांसारखी. भिंतीला मात्र मिशी फुटली. हे दारातून म्हणाले, "छान आहे. ठकीला आजोबांसारखी वाटेल." मी स्टुलावरून खाली उतरून त्यांच्या हातात चिमटा दिला, भुवया कोरायचा, आणि केस एकेक करून उपटायला बसवलं. त्यांनी बराच वेळ ते काम केलं. ते करताना ते शीळ घालत होते, हे मी विसरणार नाही.

रोलरचा दगा आणखी पुढचा. मऊ लोकरीचा म्हणून पाठवलात ना? तो भिंतीवर ठेवला तर लोकर कुठली, सगळ्या गाठी! गुठळ्याच गुठळ्या, जुन्या उशीत असतात तशा. एक फेरी मारली की भिंतीवर पुळ्या उठत. दुसरी मारली की पुळ्यांवर पुळ्या. मी हट्टाने पूर्ण खिडकीसमोरची भिंत रंगवून काढली, कारण सिस्टर म्हणायच्या की हाती घेतलेलं अर्धवट टाकू नये. पूर्ण झाल्यावर दूर उभी राहून पाहिलं. विहीणबाई, मी देवीचे रोगी पाहिले आहेत. इतकंच म्हणते.

त्यानंतर मी पुन्हा दुकानात गेले, ह्या खेपेला प्रश्न न विचारता. स्पंजाचा रोलर उचलला, घरी आणला, न्हाणीघराच्या दारावर लावून पाहिला. त्याने साबणाच्या फेसासारखे बुडबुडे काढले, ते फुटले आणि दाराला छोटी छोटी भोकं पडल्यासारखी दिसली. म्हणून भिंतीला तो बाद. मग तो केसाळ. त्याने रंग असा प्यायला, जसा कुणी पैज लावून पितो, आणि अर्धा माझ्या बाहीत ओतला, कोपरापर्यंत. हा घराबाहेरच्या खडबडीत भिंतीचा प्राणी, खोलीत त्याचं काम नाही. मग तो सैन्यातला, तोकड्या केसांचा. तो मात्र दारावरून असा गुळगुळीत गेला की मला शिवणाच्या तासाची आठवण झाली. मखमलीची लव किती उंच आहे ते आधी बोटाने पाहा, मग इस्त्री ठरवा, असं सिस्टर शिकवायच्या. अगदी तसंच आहे हे. भिंत जितकी गुळगुळीत तितके केस आखूड, भिंत जितकी खडबडीत तितके लांब. त्या गल्ल्यामागच्या गृहस्थांना हे एक वाक्य पाठ असतं तर माझ्या न्हाणीघराचं दार आज तोंड दाखवण्याच्या लायकीचं असतं.

ब्रशही नवा आणला, नायलॉनच्या केसांचा आणि टोकाला तिरका कापलेला. तुमचा तो लाकडी मुठीचा म्हणे जनावराच्या केसांचा होता. तसले केस पाण्याच्या रंगात फुगून लोळागोळा होतात, ते तेलाच्या रंगाला ठीक, असं डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी चष्मा बदलून वाचलं. म्हणजे बघा, तुम्ही मला पाण्याच्या रंगासाठी तेलाच्या रंगाचा ब्रश पाठवलात, वर त्याला टक्कल, वर गुठळ्यांचा रोलर. एखादी वस्तू वाईट निघाली तर तो योगायोग. पिशवीतल्या दोन्ही वाईट निघाल्या, तर त्याला काय म्हणायचं? आणि तेही नेमकं ठकीचा निकाल लागायच्या आदल्या आठवड्यात? मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त घटना क्रमाने लिहिते आहे.

तर आज शनिवार. बाकीच्या भिंती तोकड्या रोलरने रंगवून झाल्या, इतक्या सुबक की माशी घसरेल. पण खिडकीसमोरची भिंत तशीच आहे, पुळ्यांची. आत शिरल्यावर पहिली तीच दिसते. घासून पुन्हा रंगवायला वेळ नाही, कपाट सरकवून झाकावी तर ह्यांची कंबर आणि माझं (ते जाऊ द्या) आड येतं. उद्या दुपारी सूनबाई येईल, त्या भिंतीकडे बघेल, "छान आहे हो आई" म्हणेल आणि ठकीचं बोचकं उचलून तुमच्या ढगात नेऊन ठेवेल. मला त्याचं काही नाही. मी वर्तमानपत्र वाचीन. पाळण्यात वर्तमानपत्रं ठेवीन. तुम्ही मात्र ठकीला झोपवताना पाठीवर थोपटू नका, तिला कानामागे बोट फिरवलेलं लागतं, हे सांगून ठेवते. हे तुम्हाला माहीत नसणार, कारण तुम्ही सारख्या बोलत असता.

व्याह्यांना नमस्कार सांगा, खोकल्याकडे दुर्लक्ष करू देऊ नका. कुंडीला आशीर्वाद.

तुमची स्नेहांकित (अजून तरी),
विहीण

ता.क. शनिवार, संध्याकाळ. हे पत्र ह्यांच्या हाती पोचवायला दिलं तर त्यांनी ते उघडून वाचलं. पाकीट मी डिंकाने चिकटवलं होतं, पण माणूस निवृत्त झाला की त्याला वाफेचे सगळे उपयोग सुचतात. वाचून म्हणाले, "ते उकळल्याचं एका ओळीत उरकलंस." मी म्हटलं, "मग काय त्यावर कविता करू? बाळाची खोली आहे. कुठल्या कुठल्या भिंतींवरून फिरून आलेला ब्रश, न उकळता वापरू?" तर म्हणतात, "ब्रशाचे केस आत कशाने चिकटवलेले असतात?" मला काय माहीत. "आणि रोलर कशाचा होता?" लोकरीचा. "आणि ठकीचे लोकरीचे मोजे तू कुठल्या पाण्यात धुतेस?" गार पाण्यात धुते, विहीणबाई, कोमट पाणीसुद्धा लावत नाही, लोकर आटून गोळा होते हे शाळेतली पोरगीही सांगेल. ह्यावर हे नुसते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मला असा माणूस आवडत नाही. तरीही माझं म्हणणं कायम आहे. जो ब्रश उकळत्या पाण्यात टिकत नाही, तो ब्रश मुळात स्वच्छ घरात राहायच्या लायकीचा नव्हता. आरोपाचा परिच्छेद मात्र वाचताना जरा हळू आवाजात वाचा.

ता.क. रविवार, दिवेलागण. पत्र काल पोचलंच नाही. हे म्हणतात विसरलो. कोटाच्या आतल्या खिशात, रुमालाखाली, विसरले.

सूनबाई दुपारी आली. ठकी तुमच्याकडून रडतच आली. दात येताहेत, मला हिरडी बघून कळलं, तुम्ही म्हणे "दृष्ट लागली" म्हणालात. मी त्या पुळ्यांच्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभी होते, जमेल तेवढी रुंद होऊन. सूनबाई म्हणाली, "आई, बसा ना." मी म्हटलं, "नको, मला उभं राहायला आवडतं." तिने ठकीला खाली चटईवर सोडलं. ठकी तिच्याकडे जायला निघाली आणि नेहमीप्रमाणे मागे गेली, मागे मागे जात थेट माझ्या पायांना वळसा घालून भिंतीला जाऊन भिडली. वळली. भिंतीवर तळवा ठेवला.

आणि गप्प झाली, विहीणबाई. हात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग दुसरा हात लावला. मग गाल लावला. मग त्या पुळ्यांवर नखाने खरवडलं, तर कर्रकर्र आवाज आला, तो ऐकून अशी खिदळली की हे चौकटीवरून सरळ झाले. सूनबाई चटईवर तिच्याशेजारी बसली आणि तिनेही हात फिरवला. म्हणाली, "आई, हे कसं केलंत?" मी म्हटलं, "त्याचं एक तंत्र आहे." ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना चहा टाकायला पाठवलं.

थोडक्यात काय, ठकी इकडे राहणार. तुमच्या भिंती फार गुळगुळीत आहेत म्हणे, तिला धरायला काही सापडत नाही. मी तुमच्या बाजूने बोलले हो. म्हटलं, त्यांना सवय नाही, त्या बिचाऱ्या साध्या पद्धतीने रंगवतात.

ता.क. सोमवार. आता हे शेवटचं, आणि खरं काम हेच आहे. सगळं वरचं तुम्ही खाली ठेवून दिलंत तरी चालेल, एवढं वाचा.

काल सूनबाई निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात गेली होती. ठकीने चटईवर बसून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. उचल म्हणून. माझा एकच हात वर गेला, तोही डावा. उजवा खांद्यापाशीच अडून बसला. रंगवून झाल्यापासून तो असाच आहे, अक्षरावरून तुम्ही ओळखलं असेल. मी खाली बसले, तिला मांडीवर ओढून घेतलं, आणि सूनबाई बाहेर आली तेव्हा आम्ही मुद्दामच बसलोय असं दाखवलं. आज हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. (हा माझ्या हाताखाली शिकाऊ होता तेव्हा चांगल्या पायाला प्लास्टर घालायला निघायचा.) म्हणाला, खांदा धरलाय, सुटायला वेळ लागेल, तोवर काहीही उचलायचं नाही. मी विचारलं, "काहीही म्हणजे?" तो म्हणाला, "मॅडम, मला माहीत आहे तुम्ही कुणाबद्दल विचारताय. तीही नाही."

आता तुमच्या हातात आहे. हे सूनबाईच्या कानावर घातलंत तर निकाल उद्याच तुमच्या बाजूने लागेल आणि तुम्हाला दोष देता येणार नाही. मी तुमच्या जागी असते तर सांगून मोकळी झाले असते. पण तुम्ही दांडा पाठवला होता. माझा खांदा जाईल म्हणून पाठवला होता, आणि मी तो परत केल्यावरही तुम्ही कुणाजवळ ब्र काढला नाहीत. (काढला असतात तर व्याह्यांकडून बाकावर आला असता, बाकावरून ह्यांच्याकडे आणि ह्यांच्याकडून मला ऐकू आला असता.) म्हणून तुम्हालाच विचारते. सूनबाई कामावर जायला लागली की तुम्ही रोज इकडे या. ती ठकीला सोडून गेली की यायचं, ती परत न्यायला यायच्या आत निघायचं. तिने कधी आधी येऊन गाठलंच, तर मी म्हणेन विहीणबाई सहज डोकावल्या. उचलायचं तुम्ही, कसं उचलायचं ते मी सांगेन. तुम्ही बोलत राहिलात तरी मी काही म्हणणार नाही. ठकीला तुमचा आवाज बहुतेक आवडतो, काल तुमचं नाव काढलं की दाराकडे बघत होती. कुंडीही घेऊन या हवी तर, खिडकीत ऊन चांगलं येतं.

दांडाही आणा. छत अजून राहिलंय.

ता.क. येताना हात नीट धुऊन या. उकळायला सांगत नाही.